रुख्मिणीबाईंचा उजवा हात

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला मी हात शिकवते. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत. माझ्या तासाला पोरं वैतागतात, कारण पहिला अख्खा तास मी कातडीच्या पुढे जातच नाही. हाडं नाहीत, स्नायू नाहीत, नुसती कातडी. समोर कोणाचा हात आहे तो आधी नीट बघा, म्हणते. कुठे भाजलंय, कुठे घट्टे पडलेत, बांगड्यांचा वळ कुठवर आहे, काय गोंदलंय. एखादं शहाणं पोर घड्याळाकडे बघतं, मग मी त्याला असं झापते की विचारू नका. माझ्या जिभेला हाड नाही, हे वाशीमपासून कारंज्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण त्या तासामागे कोण बाई आहे, ते मी पोरांना कधी सांगत नाही. आज सांगून टाकते.

बाईंचं नाव रुख्मिणी. कारंजा तालुक्यातल्या धनजच्या. मी त्यांना जिवंतपणी एकदाही पाहिलं नाही. माझी त्यांची भेट झाली तेव्हा त्या कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये टेबलावर होत्या आणि त्यांचं नाव आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पायाच्या अंगठ्याला नंबराचा बिल्ला, एवढीच ओळख.

मी कारंज्याची त्रिशला, फूलचंदशेठ कापडवाल्यांची पोरगी. आमच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण आणि गाळल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. मला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला तेव्हा बाबा खूश झाले, मालिश अन् व्यायाम शिकवत असतील असं त्यांना वाटलं. डिसेक्शनचं कळलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

"मुंगी मरू नाई म्हणून आपण खाली पाहून चालतो, अन् तू माणसं चिरून राह्यली?"

"मेलेली असतात बाबा."

"म्हणून काय झालं?" म्हणाले, आणि ताटावरून उठले. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

त्या वर्षी आमच्या टेबलावर आम्ही सहाजणी होतो. उजवा हात माझ्या आणि संगीताच्या वाट्याला आला. सरांचा एक नियम होता: आधी चित्र, मग चाकू. जे दिसतंय ते जर्नलमध्ये काढायचं, मगच कातडीला हात लावायचा. आणि मी त्या दिवशी घाईत. दुसऱ्या दिवशी व्हायवा, फॉर्मलिननं डोळ्यांतून घळघळ पाणी, डोक्यात स्नायूंची नावं.

बाईंच्या उजव्या हाताला, कोपर आणि मनगटाच्या मध्ये, हळदीत बुडवलेलं फडकं गुंडाळलं होतं. वर तीन गाठी मारलेल्या.

संगीता म्हणाली, "राहू दे त्रिशला, कोणीतरी मुद्दाम बांधलेलं दिसते. माणिकमामाले विचारू."

माणिकमामा, म्हणजे माणिकराव, आमच्या हॉलचे शिपाई. टेबलावरच्या माणसांशी ते बोलायचे. "चला माय, आज पोरी तुमचा पाय पाहणार हायेत," असं सांगितल्याशिवाय चादर काढायचे नाहीत. आम्ही त्यांची टिंगल करायचो. नेमके त्या आठवड्यात ते भाचीच्या लग्नाला जऊळक्याला गेले होते.

"मग आठ दिवस थांबू का?" मी संगीतावर खेकसले. "व्हायवा तुझा मामा देणार आहे का माझी?" आणि कात्रीनं तिन्ही गाठी कापून ते फडकं बादलीत टाकलं.

खाली गोंदण होतं. जुनं, हिरवट पडलेलं. एक तुळशीवृंदावन आणि त्याच्या खाली ठिपक्यांची एक आडवी ओळ. बस, एवढंच. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही. हाताच्या मधोमध, कोपरापासून मनगटापर्यंत उभा छेद घ्यायचा असतो, तो मी घेतला. पहिल्यांदा चाकू नीट बसला नाही म्हणून त्याच जागेवर पुन्हा फिरवला. आणि मग आठवलं की चित्र राहिलं. सर पलीकडच्या टेबलावरून येत होते. मी कातडीच्या दोन्ही कडा बोटांनी जवळ आणल्या आणि भराभर पेन्सिल चालवली. वृंदावन काढलं, ठिपके काढले, मधून जाणारी छेदाची रेघ काढली. सरांनी सही केली. मला दहापैकी नऊ मिळाले.

कातडी बाजूला उलटताना दिसलं की गोंदण आतल्या बाजूनंही दिसतंय. अंधुक, उलटं, पण दिसतंय. संगीता दोन पावलं मागे सरकली. मी मात्र पुढे शिकत राहिले. काढलेली कातडी पिवळ्या पिशवीत गेली आणि ती पिशवी दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या कचऱ्याच्या गाडीत गेली. रोजचीच गोष्ट होती ती.

पुढचे दिवस मी तो हात वाचत गेले. खरंच वाचला, दुसरा शब्द नाही. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला स्नायू एवढा भरलेला होता की सरांनी बाजूच्या टेबलावरच्या पोरांना बोलावून दाखवला. "ही बाई आयुष्यभर चिमटीनं काहीतरी वेचत होती," ते म्हणाले. आम्ही वऱ्हाडातल्या पोरी, आम्हाला काय ते सांगायला लागलं नाही. कापूस. मानेपासून खांद्यावर येणारा स्नायूही नको तेवढा जाड. सरांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा इतका का वाढला ते खांद्यात सापडेल. विसरू नका."

खांदा उघडला आणि सापडलं.

थोडं शिकवते, रागवू नका. हात बाजूनं वर उचलायचा तर खांद्यावरचा मोठा स्नायू एकटा पुरत नाही. खांद्याच्या पात्यावरून एक लहान स्नायू येतो, सुप्रास्पायनेटस, बोटभर जाडीचा. त्याचं टेंडन, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा, दंडाच्या हाडाच्या गोळ्यावर पांघरलेलं असतं. हा स्नायू तो गोळा खोबणीत दाबून धरतो, म्हणून मोठ्या स्नायूला हात वर नेता येतो. या बाईंचं ते टेंडन मधून फाटून मागे सरकलं होतं. भोकातून हाडाचा गोळा उघडा दिसत होता, पांढरा, घासून गुळगुळीत झालेला. अशा माणसाचा हात वर जात नाही. मग तो सगळा खांदाच कानाकडे उचलतो, म्हणून मानेचा स्नायू वाढतो.

सरांनी त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हिनं एक्स-रे काढला असेल. एक्स-रेत हाड दिसतं, टेंडन दिसत नाही. तुला काही झालेलं नाही बाई, असं हिला सगळ्यांनी सांगितलं असेल."

माणिकमामा लग्नाहून परत आले ते हातात बुंदीचा पुडा घेऊन. चादर काढली, कातडी काढलेला हात पाहिला आणि पुडा तसाच हातात राहिला.

"वरचं फडकं कोनं काढलं?"

"मी," मी म्हटलं. "का?"

ते स्टुलावर बसले. "तिच्या मालकानं माह्या हातात हात देऊन सांगतलं होतं. सगळं घ्या म्हणे, गोंदण तेवढं ठेवा. मी सांगून जाले पाह्यजे होतं. लग्नाच्या गडबडीत..." त्यांनी पुडा स्टुलाखाली ठेवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तो मानूस येईन, बाई. त्याले काय सांगू?"

चूक माझी होती. पण तोंड माझंच, ते गप्प कसं बसेल? "फॉर्मवर लिहायचं होतं मग," मी म्हटलं. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

फाल्गुनात तो माणूस आला. उरलेल्या देहाचे अंत्यसंस्कार आहेत, घरच्यांना यायचं असेल तर यावं, असं कॉलेजचं पत्र गेलं होतं. उकंडराव. उंच, वाळके, खांद्यावर दुपट्टा. हॉलबाहेरच्या लिंबाखाली बाकावर बसले होते, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची थैली. माणिकमामा मला बोलवायला आले. "मी सांगणार नाई," म्हणाले. "काढलं तुमी, सांगा तुमी." बरोबरच होतं त्यांचं.

मी समोर उभी राहिले. उकंडरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमीच होत्या काय रुख्मीच्या हातावर?"

तेव्हा मला तिचं नाव कळलं.

"हो काका."

"मंग मले दोन गोष्टी सांगा. पयली, तिच्या खांद्यात काही होतं का? का उगीच?"

मी सांगितलं. टेंडन फाटलं होतं, हाड उघडं पडलं होतं, तिला हात वर नेता येणंच शक्य नव्हतं. खूप दुखत असणार, हेही सांगितलं. त्यांनी थैलीचं तोंड घट्ट धरलं.

"तीन वर्सं," ते म्हणाले. "तीन वर्सं ते बाई म्हणे, मालक, हात उठत नाई. कारंज्याले नेलं, फोटो काढला, डॉक्टर म्हणे काहीच नाई. मी म्हणलं, कामाची चोरटी हायस तू. चार मान्सात म्हणलं. वेणी घालाची तर डोकं खाली हातापाशी न्यायची, माय. हात डोक्यापाशी जातच नव्हता. मी पाहो अन् म्हणो, काय नाटक करून राह्यली. एक दिवस चिडली. म्हणे, मेल्यावर फाडून पाहा मले, मंग समजीन तुमाले. अन् गावात देहदानवाले आल्ते, तर खरंच जाऊन सही करून आली. मले वाटलं, राग हाय, उतरीन. नाई उतरला."

असं त्या बाईंचं देहदान. आम्हाला कॉलेजात सांगतात, दात्यांचे उपकार, समाजासाठी त्याग. अहो कसला त्याग! ती रागानं आली होती. तिला एकदा कोणीतरी आत बघून सांगायला हवं होतं की बाई, तू खोटं बोलत नव्हतीस. ते सांगायला आम्ही होतो, ऐकायला ती नव्हती.

"अन् दुसरी गोष्ट," उकंडराव म्हणाले. "गोंदण हाय ना?"

माणिकमामा लिंबाच्या बुंध्याकडे बघत राहिले.

"नाही काका," मी म्हटलं. "मी फडकं काढलं. मला माहीत नव्हतं. कातडी गेली."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "अरे बाप्पा," आणि थैली बाजूला ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या शब्दांत सांगू शकत नाही, मला रडू येतं. माझ्या शब्दांत सांगते.

त्यांना पहिली पोरगी झाली होती. अंजू. पाच वर्षांची असताना गावात गोंदणारीण आली. बाईच्या जातीला गोंदण हवंच, कारण मेल्यावर अंगावरचं सोनंनाणं इथंच उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर जातं, त्यावरून तिकडे माणूस ओळखू येतं, असं गावाकडे मानतात. रुख्मिणीबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं. वृंदावन झालं, खाली ठिपके सुरू झाले आणि मध्येच पोरीनं हात हिसकला, आकांत केला. ओळ तिथंच राहिली. गोंदणारीण म्हणाली, अर्धं नको ठेवू बाई. तर रुख्मिणीबाईंनी आपला हात पुढे केला. "माह्या हातावर बी तितकेच दे. मंग अर्धं कशाचं?" मायलेकींच्या हातांवर एकच गोंदण, मोजून तेवढेच ठिपके. मग पोरीला खेळच झाला. रोज आईच्या हातावर बोट ठेवून मोजायची, मग आपल्या हातावर. तिला आकडे तेवढेच येत होते. त्याच्या पुढचे शिकली नाही. त्याच साली तापात गेली. लहान लेकरू म्हणून जाळली नाही, शेताच्या बांधाला, धुऱ्याजवळ पुरली. पुढे विकास झाला, तो पुण्याला कंपनीत आहे. पण अंजूचं बोलणं घरात कोणी काढत नसे.

"रुख्मी म्हणे, पाच वर्साचं लेकरू, तिले माहं तोंड काय आठवीन? मी म्हातारी होऊन जाईन. पण ठिपके मोजीन अन् वळखीन. म्हणून ते फडकं. देह घ्या म्हणे कोनालेबी, गोंदणाले धक्का नोको." उकंडराव माझ्याकडे वळले. "आता काय करीन वं ते पोट्टी?"

मी जैनाची पोरगी. आमच्याकडे जीव एका देहातून दुसऱ्या देहात जातो, कोणी कोणाची वाट पाहत थांबत नाही. शिवाय मी विज्ञान शिकत होते. तरी त्या दुपारी लिंबाखाली मला ती पोरगी दिसली. येणाऱ्या प्रत्येक बाईचा हात धरून कोपराखाली पाहणारी, आणि पुढच्या बाईकडे जाणारी. अकरा वर्षं झाली. ती अजून दिसते.

मी धावत होस्टेलला गेले आणि जर्नल घेऊन आले. सरांची सही असलेलं पान उघडलं. उकंडरावांना जवळचं नीट दिसत नव्हतं, पण वृंदावन दिसलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. त्यांचा चेहराच बदलला.

"हेच. हेच हाय. अन् ठिपके? ठिपके किती?"

"तुम्हाला माहीत नाही?"

ते खाली बघायला लागले. "तेचाळीस वर्सं त्या हातानं भाकर वाढली मले. कधी मोजलं नाई, माय."

फोटो असेल, मी म्हटलं. फोटोत तोंड येतं, ते म्हणाले, हात कोण काढते?

मी चित्राकडे पाहिलं. छेदाच्या डावीकडे चार ठिपके. उजवीकडे तीन. मध्ये माझी रेघ. दोनदा चाकू फिरवलेली, कडा फाटलेली जागा. तिथं आणखी एक ठिपका होता का? चौथा आणि पाचवा यांच्यातलं अंतर जरा जास्त वाटत होतं. पण कडा मी बोटांनी ओढून आणल्या होत्या, तेव्हा अंतरावर कसला भरवसा? आधी चित्र काढलं असतं तर कळलं असतं. मी अंगठा त्या रेघेवर ठेवला आणि तसाच ठेवला.

"मले हे पान द्या," उकंडराव म्हणाले. "मी गोंदून घेतो. हातावर, याच जागी. मी काही लय दिवसाचा नाई आता. रुख्मीले मी तोंडावरून वळखतो. पोट्टी मले हातावरून वळखीन. दोघींची गाठ घालून देतो. माह्यामुळंच झालं ना हे सारं. मी तिले चोरटी म्हणलो नसतो तर हे टेबल पाह्यलंच नसतं तिनं." उठता उठता म्हणाले, "रामनवमीले पोहरादेवीच्या जत्रेत गोंदणारे असतात. तुमी बी या. तुमी पाह्यलं हाय, चुकलं तर सांगसान."

मी गेले. न जाऊन तोंड कुठे लपवणार होते? पोहरादेवीला पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीच्या कडेला गोंदणाऱ्यांची दुकानं होती, आता हातानं टोचायचं नाही, बॅटरीवरची मशीन. आम्हाला हरिसिंग नावाचा माणूस मिळाला. त्यानं उकंडरावांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"बाबा, या उमरमधी? नाव टाकाचं का कोनाचं?"

"नाव नाई. हे." त्यांनी पान पुढे केलं. त्यावर मी अंगठा ठेवला होता तिथं डाग पडला होता.

मी त्यांचा हात धरला, तळवा वर करून. कातडी कागदासारखी पातळ झालेली, खालचे स्नायू दोरीसारखे. सुई लागली की बोटं आपोआप मिटायची, मी उघडून धरायची. वृंदावन झालं. हरिसिंगनं मशीन थांबवली.

"खाली ठिपके किती? या रेघेत एक हाय का नाई, समजून नाई राह्यलं."

दोघं माझ्याकडे पाहत होते. मला खरं बोलता आलं असतं. मला माहीत नाही, एवढंच. पण मग ते गोंदण पुसून गेल्यासारखंच झालं असतं, आणि तो म्हातारा हातावर अर्धंच गोंदण घेऊन बसला असता. मी म्हटलं, "सात."

इतक्या ठामपणे म्हटलं की मलाच क्षणभर पटलं.

हरिसिंग एकेक ठिपका देत गेला आणि उकंडराव मोठ्यानं मोजायला लागले. एक. दोन. तीन. लहान पोराला शिकवतात तसं, प्रत्येकावर थांबत. पाच. सहा. सात. मग माझ्याकडे पाहिलं.

"बस?"

मशीन घरघरत होती. माझ्या हातात त्यांचं मनगट होतं, नाडी लागत होती.

"बस," मी म्हटलं.

"म्हणजे अंजूले सातलोकच आकडे येत होते तर," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. मला उसाचा रस पाजल्याशिवाय सोडलं नाही त्यांनी. "तुमचं काही मनात ठेवू नोका, माय. झालं ते झालं. आता सारं बराबर झालं." मी तो रस पूर्ण प्यायले.

त्यानंतर मी शिकले, नोकरीला लागले, शिकवायला लागले. लोक म्हणतात हात बरा करावा तर त्रिशला मॅडमनी. कापूस वेचणारी एखादी बाई येते, खांदा दुखतो म्हणते, सोबतचा नवरा म्हणतो फोटोत तर काहीच नाई. त्या नवऱ्यावर मी असा जाळ काढते की तो पुढच्या वेळी बाहेरच बसतो. आणि बाईचा हात तपासताना कोपराखाली गोंदण लागलं की माझं बोट थांबतं. एक, दोन, तीन. मला मोजायचं नसतं. मोजलं जातं. एकदा एका बाईनं विचारलं, "काय मोजून राह्यल्या, मॅडम?" मी म्हटलं, काही नाही, स्नायू बघते. वर्षामागून वर्षं हेच. सात म्हटलं की आठ आठवतो.

उकंडरावांचा मधूनमधून फोन यायचा. खुशाली विचारायचे, कधी शेंगा पाठवायचे. मागच्या दिवाळीनंतर विकासचा फोन आला. बाबा गेले. धनजलाच जाळलं, त्यांनी सांगून ठेवलं होतं, माह्या हाताले कोनी सुरी लावू नोका. "बाबांचा चेहरा लई शांत होता मॅडम," विकास म्हणाला. "चालले तर गावाला निघाल्यासारखे." मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. तो माणूस माझ्या शब्दावर विसंबून निघाला होता. तिथं पोहोचून त्यानं हात पुढे केला असेल. पोरीनं बोट ठेवून मोजलं असेल. आणि तिचा एक आकडा उरला असेल तर? सातानंतर ती अजून एक शोधत असेल तर?

या चैत्रात मी एकटीच पोहरादेवीला गेले. हरिसिंगनं मला ओळखलं. मी पेन्सिलीनं नवीन काढलेला कागद दिला, तो त्यानं निरखून पाहिला.

"हे तर त्या बाबाचंच हाय ना? खाली सात ठिपके."

"आठ," मी म्हटलं.

घरी गेले तेव्हा आईनं कपाळावर हात मारून घेतला. बाबा आता थकलेत, दुकानात बसत नाहीत. त्यांनी माझा हात चष्म्याजवळ नेला, सुजलेल्या जागेवर फुंकर मारली. "हे कोनासाठी?" त्यांनी विचारलं. एका मुलीसाठी, मी म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात नवीन बॅचचा पहिला तास होता. कातडीचा. मी माझाच हात टेबलावर ठेवला आणि म्हटलं, काय दिसतं ते सांगा. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली, बोट ठेवून मोजायला लागली. सातवर आली आणि माझी बोटं आपोआप मिटली. "मॅडम, हात सैल सोडा ना," ती म्हणाली. मी सोडला. "आठ," ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. पोरं पुढे काय ते विचारत होती. मी फळ्याकडे वळले, कारण मला त्यांना तोंड दाखवता येत नव्हतं. उकंडरावांच्या हातावर सात आहेत, माझ्या हातावर आठ. आमच्या दोघांपैकी एकाचा तरी आकडा अंजूला येत असेल.